हॅगर्टी रस्त्यावरची रेघ

आमच्या घरापासून पश्चिमेला सात-आठ मिनिटं गाडी चालवली की हॅगर्टी नावाचा रस्ता लागतो. अलीकडे आमचं फार्मिंग्टन हिल्स, पलीकडे नोव्हाय. दोन्ही गावं मिशिगन राज्यातली, डेट्रॉइटच्या वायव्येला. आमचं वाणसामानाचं दुकान पलीकडे, मुलीची रविवारची मराठी शाळा पलीकडे, व्यंकटेश्वराचं देऊळ पलीकडे. आठवड्यातून चार वेळा तरी तो रस्ता ओलांडते. गाव बदललं असं कधी वाटत नाही. तीच झाडं, त्याच पेट्रोल पंपांच्या पाट्या, सिग्नलला थांबलेल्या गाड्यांत तेच ओळखीचे चेहरे.

2015 साली मी नागरिकत्व घेतलं आणि 2016 च्या नोव्हेंबरात आयुष्यात पहिल्यांदा अमेरिकेत मत दिलं. संध्याकाळी नोव्हायच्या मैत्रिणीला फोन केला, तर तिच्या मतपत्रिकेवर काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेचे, उमेदवार वेगळे. ती अकराव्या मतदारसंघात, मी चौदाव्यात. म्हटलं, असेल. रेघ कुठेतरी ओढावीच लागते. रात्री सहज कॉम्प्युटरवर चौदाव्याचा नकाशा काढला आणि बघतच राहिले. सेंट क्लेअर तळ्याकाठच्या ग्रोस पॉइंटपासून निघून तो डेट्रॉइट शहरात शिरत होता, हॅमट्रॅम्कला कवेत घेत होता, मग साउथफील्ड, ओक पार्क करत आमच्यापर्यंत येत होता आणि इथून उत्तरेला वळून थेट पाँटिअ‍ॅकला टेकत होता. दहा वर्षं इथे राहून यातल्या निम्म्या गावांत माझं पाऊल पडलेलं नव्हतं. आणि रोजचं नोव्हाय मात्र रेघेच्या बाहेर!

माझे बाबा सातारा जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत कारकून होते. निवडणुकीआधी प्रारूप प्रभाग रचनेचा नकाशा नोटीस बोर्डावर लागायचा आणि हरकती-सूचनांसाठी काही दिवसांची मुदत असायची. शाळेतून येताना मी पालिकेत डोकावायचे तेव्हा बाबा त्या नकाशावर बोट ठेवून सांगायचे, ‘ही बघ, रेघ इथं वळली. का वळली ते विचारायचं.’ फोनवर त्यांना चौदाव्या मतदारसंघाचं सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला, ‘आखतं कोण?’

म्हटलं, ‘राज्याचं विधिमंडळ.’

‘म्हणजे ज्यांना निवडून यायचंय तेच हद्द आखणार?’ थोडा वेळ ते गप्प बसले. मग म्हणाले, ‘आणि हरकत कुणाकडं घ्यायची?’

त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आपल्याकडे लोकसभा-विधानसभेच्या हद्दी परिसीमन आयोग ठरवतो. त्याचे अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायाधीश असतात, आणि आयोगाचा आदेश लोकसभेत आणि विधानसभेत मांडला जातो, पण तिथे त्यात काना-मात्रा बदलता येत नाही. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत असं नाही. दर दहा वर्षांनी जनगणना झाली की राज्याचं विधिमंडळ साध्या कायद्यासारखा नकाशा मंजूर करतं. त्यातच काँग्रेसच्या जागाही आल्या आणि खुद्द विधिमंडळाच्याही आल्या. मिशिगनमध्ये 2011 साली दोन्ही सभागृहं आणि गव्हर्नरपद रिपब्लिकन पक्षाकडे होतं, त्यामुळे नकाशा त्यांचा. 2012 मध्ये काँग्रेससाठी राज्यभरात डेमोक्रॅटिक उमेदवारांना एकूण मतं जास्त पडली, पण 14 पैकी 9 जागा रिपब्लिकन पक्षाला मिळाल्या. 2014 मध्ये 9, 2016 मध्येही 9.

याला जेरीमँडरिंग म्हणतात. हा शब्द 1812 सालचा. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी सही केलेल्या नकाशातला एक मतदारसंघ सॅलॅमँडर या सरड्यासारख्या प्राण्यासारखा दिसत होता, त्यावरून तो पडला. करायच्या युक्त्या दोनच. विरोधकांचे मतदार थोड्या मतदारसंघांत खच्चून कोंबायचे, म्हणजे त्यांची मतं तिथे वाया जातात. नाहीतर त्यांची वस्ती फोडून चार ठिकाणी वाटायची, म्हणजे ते कुठेच पुरे पडत नाहीत. आमचा चौदावा हा कोंबलेल्यांपैकी. पुढे 2018 मध्ये खटल्याच्या निमित्ताने 2011 मधल्या ईमेल बाहेर आल्या. एका रिपब्लिकन कर्मचाऱ्याने त्यात आमच्या भागातल्या चार काउंट्यांमधल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) डेमोक्रॅटिक मतदारांना ‘कचरा’ म्हटलं होतं आणि तो सगळा चारच मतदारसंघांत कोंबायची भाषा केली होती. ती बातमी मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वाचली. माझ्याशेजारी बसलेल्या बाईंनी पण वाचली. त्या कृष्णवर्णीय, डेट्रॉइटच्या वायव्य भागात जन्मलेल्या आणि तिथेच राहणाऱ्या, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या. त्यांनी फोन उलटा करून टेबलावर ठेवला आणि डबा न संपवताच झाकण लावलं.

पण मी जरा पुढे गेले. निवडणुकीनंतर दोनच दिवसांनी, 10 नोव्हेंबर 2016 ला, केटी फाही नावाच्या विशीतल्या मुलीने फेसबुकवर लिहिलं होतं की मिशिगनमधल्या जेरीमँडरिंगविरुद्ध काहीतरी करायचं आहे, कुणाला यायचं असेल तर सांगा. त्यातून ‘व्होटर्स नॉट पॉलिटिशियन्स’ ही संघटना उभी राहिली. मिशिगनच्या राज्यघटनेत एक मोठी सोय आहे. पुरेशा मतदारांच्या सह्या गोळा केल्या तर विधिमंडळाला न विचारता घटनादुरुस्ती थेट लोकांच्या मतदानाला टाकता येते. लागणार होत्या 3,15,654 सह्या, 180 दिवसांत. 2017 च्या सप्टेंबरात ग्रंथालयातल्या एका सभेला मी गेले आणि परत येताना हातात क्लिपबोर्ड घेऊन आले.

सह्या गोळा करणं हे काम बाहेरून वाटतं तेवढं सोपं नाही. अर्जाचा कागद काउंटीनुसार वेगळा असायचा. एका कागदावर एकाच काउंटीचे मतदार. ओकलंड काउंटी आणि वेन काउंटीची हद्द एट माइल रस्त्यावर, आणि नॉर्थव्हिल गाव तर दोन्हींत विभागलेलं. त्यामुळे मी कायम दोन क्लिपबोर्ड बाळगायचे, ओकलंडच्याला निळी रिबीन आणि वेनच्याला लाल. आधी विचारायचं, ‘मतदार म्हणून नाव कुठे नोंदलंय?’ मग योग्य बोर्ड पुढे करायचा. सही, नाव, पत्ता, तारीख. तारखेत खाडाखोड झाली की पोटात गोळा यायचा. आणि कागद भरल्यावर सगळ्यात शेवटी खाली मी सही करायची, सह्या घेणारी म्हणून. माझ्या सहीच्या तारखेनंतरची एखादी सही वर असली तर ती बाद. पहिल्याच आठवड्यात मी उत्साहाने आधीच सही करून ठेवली होती. अकरा सह्या घेऊन झाल्यावर संघटनेतल्या एका आजोबांनी ते दाखवलं. ते सगळे अकरा चेहरे आजही आठवतात.

नवरात्रात एका शाळेच्या जिममध्ये गरबा असतो. पार्किंगच्या कडेला मी उभी राहिले. तिथे दुसराच प्रश्न आला. सही करायची तर नोंदणीकृत मतदार हवा, म्हणजे नागरिक हवा. आपल्या माणसाला ‘तुम्ही सिटिझन आहात का?’ असं विचारणं फार जड जातं. इथे पंधरा वर्षं राहिलेले, घर घेतलेले, मुलं इथेच जन्मलेली, आणि तरी ग्रीन कार्डच्या रांगेत. एक काका टिपऱ्या काखेत मारून पूर्ण ऐकत उभे राहिले, नकाशा बघितला, दोन चांगले प्रश्न विचारले आणि म्हणाले, ‘ताई, मी अजून एच-वनवरच आहे हो. पण माझा मुलगा अठराचा झालाय, त्याला पाठवतो.’ आणि खरंच पाठवला. त्या मुलाची ती पहिली सही असावी, जीभ दातात धरून करत होता.

नवरा म्हणायचा, ‘कशाला नसत्या फंदात पडतेस?’ नोव्हेंबरात थंडी वाढली. बॉलपेन गारठून चालेना, तेव्हा तोच चार पेनं कोटाच्या आतल्या खिशात गरम ठेवून माझ्याशेजारी उभा राहायला लागला. मी एकूण 212 सह्या घेतल्या. राज्यभरातून सव्वाचार लाखांहून जास्त जमल्या, पैसे देऊन माणसं न लावता, सगळ्या स्वयंसेवकांनी. 18 डिसेंबर 2017 ला त्या जमा झाल्या.

पुढचं वर्ष कोर्टात गेलं. विरोधकांचं म्हणणं असं की एवढा मोठा बदल सह्यांच्या मार्गाने करताच येणार नाही. जुलै 2018 च्या शेवटी मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने 4 विरुद्ध 3 मतांनी प्रस्ताव मतपत्रिकेवर जाऊ दिला, आणि नोव्हेंबरात 61 टक्के लोकांनी तो मंजूर केला. आता नकाशे 13 सामान्य नागरिकांचा आयोग आखणार होता: 4 डेमोक्रॅट, 4 रिपब्लिकन आणि 5 कुठल्याच पक्षाचे नाहीत असे. आधीच्या सहा वर्षांत पक्षाच्या तिकिटावर उभे राहिलेले, निवडून आलेले, पक्षाचे पदाधिकारी, लॉबिंग करणारे, आणि त्यांचे नवरा-बायको, आईवडील, मुलं, यांना बंदी. निवड सोडतीने! बाबांना हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले. आरक्षणाची सोडत त्यांनी आयुष्यभर पाहिली होती.

मीही अर्ज केला. बँकेत नोटरीसमोर शपथेवर लिहून दिलं की मी कुठल्याही पक्षाची नाही. अर्ज आले नऊ हजारांवर. त्यातून 200 जणांची पहिली सोडत निघाली, विधिमंडळातल्या चार नेत्यांना मिळून वीस नावं खोडायचा हक्क होता, तो त्यांनी पूर्ण वापरला, आणि 2020 च्या ऑगस्टात शेवटची तेरा नावं निघाली. माझं नाव पहिल्या 200 मध्येही नव्हतं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण निघालेली नावं बघितली तर खरोखरच रस्त्यावर भेटतील अशी माणसं होती, आणि ते बघून बरं वाटलं.

खरं काम त्यानंतरचं. घटनादुरुस्तीत आयोगाने काय बघायचं याचा क्रम लिहिला होता. आधी समान लोकसंख्या आणि वंशावरून मतदारांवर अन्याय होऊ न देणारा मतदान हक्क कायदा. मग मतदारसंघ सलग हवा. मग राज्यातले वेगवेगळे समाज आणि समान हितसंबंध असलेल्या वस्त्या. त्याखाली, कुठल्याही पक्षाला अवास्तव फायदा नको. त्याच्याही खाली, विद्यमान प्रतिनिधीला झुकतं माप नको. मग गाव-काउंटीच्या हद्दी आणि सगळ्यात शेवटी सुबक आकार. हा क्रम मी स्वयंपाकघरात फ्रिजवर लावला होता. तिसऱ्या ओळीने आम्हाला दार उघडून दिलं होतं. आपली वस्ती कुठून कुठपर्यंत आणि तिला एकत्र का ठेवायचं, हे कुणीही नागरिक आयोगाला नकाशा काढून सांगू शकत होता. अट एवढीच की ती वस्ती पक्षावरून किंवा उमेदवारावरून ठरवायची नाही.

2021 च्या मे महिन्यात मराठी शाळेतल्या आम्ही पाच जणी झूमवर बसलो. आयोगाच्या पोर्टलवर राज्याचा नकाशा होता आणि तो जनगणनेच्या बारीक बारीक तुकड्यांत वाटलेला. माउसने तुकडा रंगवायचा, तो आपल्या वस्तीत आला. मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम आहे. लागले तीन रविवार.

कारण पहिलाच प्रश्न निघाला, आपली वस्ती म्हणजे कोण? एकीने फक्त मराठी घरं धरली. ती नकाशावर पसरलेल्या शेंगदाण्यांसारखी दिसली. मग सगळे भारतीय धरले. मग एकजण म्हणाली, ‘अगं, माझ्या शेजारचं जपानी कुटुंब? त्यांचंही सगळं आपल्यासारखंच आहे.’ खरंच होतं. नोव्हायमध्ये जपानी कुटुंबं पुष्कळ आहेत, गाडी उद्योगामुळे आलेली. शेवटी आम्ही धर्म-भाषा सोडून रोजचं जगणं लिहायला बसलो. कामासाठी आलेले लोक. घरात इंग्रजी न येणारे आजी-आजोबा, त्यांना दवाखान्यात न्यायला कुणी नसतं. शाळेत दुसऱ्या भाषेचे वर्ग लागतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, व्हिसा. ग्रीन कार्डचा कागद अडकला, आई वारली आणि जाऊन परत येता येईल की नाही ही धास्ती असली, की माणूस काँग्रेस सदस्याच्या कार्यालयात फोन करतो. रस्त्याच्या अलीकडचे एका कार्यालयात, पलीकडचे दुसऱ्या. ज्यांना मत नाही ते सुद्धा जनगणनेत मोजले जातात आणि मतदारसंघाच्या लोकसंख्येत धरले जातात. गरब्यातले ते काका माझ्या डोळ्यांसमोर होते. त्यांची सही मला घेता आली नव्हती, पण या नकाशात त्यांचं घर मी माझ्या हाताने रंगवलं.

आम्ही नोव्हाय, नॉर्थव्हिल, कॅन्टन आणि फार्मिंग्टन हिल्सचा पश्चिम भाग एकत्र धरला. हॅगर्टी रस्ता बरोबर मधोमध आला. खाली पानभर मजकूर लिहिला आणि पाठवून दिला.

मग ऑक्टोबर उजाडला. जनगणनेचे आकडे करोनामुळे ऑगस्टात मिळाले होते, मिशिगनची एक जागा कमी होऊन 13 राहिल्या होत्या, म्हणजे दर मतदारसंघात सुमारे 7 लाख 75 हजार माणसं बसवायची. आयोगाने कच्चे नकाशे काढले आणि 20 ऑक्टोबरला डेट्रॉइटमध्ये सुनावणी ठेवली. ऑफिसमधल्या त्या बाई म्हणाल्या, ‘तू बोलणार आहेस ना तुझ्या रस्त्याबद्दल? चल, मलाही बोलायचंय.’ आम्ही दोघी माझ्या गाडीतून गेलो.

नदीकाठचं ते प्रचंड कन्व्हेन्शन सेंटर, सगळ्यांच्या तोंडाला मास्क, माईकसमोर रांग. बोलायला दोन-एक मिनिटं. मी कागद लिहून नेला होता. पण माझ्या आधी एकामागून एक जे बोलत होते ते ऐकून कागद हातात घडी होत गेला. बहुतेक सगळे डेट्रॉइटचे कृष्णवर्णीय नागरिक. म्हणणं एकच. आयोगाने डेट्रॉइट उभं चिरलं होतं. शहराचे पट्टे करून ते उपनगरांना जोडले होते, आणि कृष्णवर्णीयांचं बहुमत असलेले मतदारसंघ जवळजवळ नाहीसे झाले होते. जुन्या नकाशात त्यांना कोंबलं होतं हे खरं, पण ती गाठ सोडवताना आयोगाने त्यांना फोडलं. माझ्या शेजारच्या बाई माईकसमोर उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या की माझ्या आईने ज्या माणसाला मत दिलं त्याला मी ओळखत होते, तो आमच्याच गल्लीतून चालत यायचा. आता आमचा प्रतिनिधी कुठल्या गल्लीतला असेल? वेळ संपल्याची घंटा झाली. त्या ‘थँक्यू’ म्हणून खाली आल्या.

माझं नाव पुकारलं. मी हॅगर्टी रस्त्याबद्दल बोलले, पण अर्ध्यावर थांबले आणि म्हटलं की माझ्या रस्त्याचं नंतर बघा, आधी या लोकांचं ऐका. टाळ्या वाजल्या. मला त्यात आनंद झाला नाही. आयोगासाठी मी थंडीत उभी राहिले होते, आणि त्याच आयोगासमोर ही माणसं हक्क मागत होती.

आठवडाभराने आयोगाने बंद दाराआड बैठक घेतली. विषय होता मतदान हक्क कायदा. ज्या आयोगाचं सगळं उघड्यावर चालावं म्हणून आम्ही राबलो त्याने असं करावं याचा मला संताप आला. डिसेंबरात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या बैठकीचं रेकॉर्डिंग खुलं करायला लावलं. 28 डिसेंबर 2021 ला अंतिम नकाशे मंजूर झाले. त्यांना झाडांची नावं होती, काँग्रेसचा चेस्टनट, राज्य विधिमंडळाच्या खालच्या सभागृहाचा, म्हणजे हाऊसचा, हिकरी आणि वरच्या सभागृहाचा, म्हणजे सिनेटचा, लिंडेन.

चेस्टनटमध्ये नोव्हाय, नॉर्थव्हिल, कॅन्टन एकत्र राहिले, अ‍ॅन आर्बरबरोबर सहाव्या मतदारसंघात. फार्मिंग्टन हिल्स अकराव्यात गेलं. रेघ परत हॅगर्टी रस्त्यावरच. मैत्रिणीचा मेसेज आला, ‘आम्ही सुटलो गं, तू राहिलीस.’ पण नकाशा उघडून बघितला तर आमचा अकरावा आता पाँटिअ‍ॅक, वॉटरफर्ड, रॉयल ओक असा एकाच ओकलंड काउंटीतला, सरळ गोळा. तळ्याकाठापर्यंतचा तो लांबलचक साप गेला होता. आमच्या हरकतीवर विचार झाला, निर्णय विरुद्ध गेला. बाबा म्हणाले, ‘हरकत घेतली, ऐकली, नामंजूर केली. चालायचंच. ऐकली ना?’ त्याच सुमारास, मार्च 2022 मध्ये, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने स्थानिक संस्थांच्या प्रभाग रचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून सरकारकडे घेणारा कायदा एकमताने केला होता. बाबा त्यावर मात्र बराच वेळ बोलत राहिले. त्यांचा आवाज चढला होता.

2022 च्या निवडणुकीत राज्याचं सिनेट 20-18 आणि हाऊस 56-54 असं डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेलं. काँग्रेसच्या जागा 7-6. मला आकड्यांतलं जे आवडतं ते अंतर. एक-दोन जागांचंच! कुठलाही पक्ष पुढच्या वेळी हरू शकतो, आणि 2024 मध्ये हाऊस परत रिपब्लिकन पक्षाकडे गेलंही.

त्याच 2022 मध्ये डेट्रॉइटच्या नव्या तेराव्या मतदारसंघातून श्री ठाणेदार निवडून आले. बेळगावात वाढलेला, मराठी बोलणारा माणूस अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये. आमच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो आले. मलाही ऊर भरून आला, आपल्या मातीतलं माणूस आहे. आणि त्याच दिवशी ऑफिसात त्या बाई म्हणाल्या की 1950 च्या दशकापासून पहिल्यांदा डेट्रॉइटला काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी नाही. त्यांचा राग ठाणेदारांवर नव्हता, तो रीतसर निवडून आलेला माणूस. राग रेघेवर होता. मी पेढ्यांचा डबा आणला होता, तो बॅगेतच राहिला. संध्याकाळी घरी आल्यावर मुलीने विचारलं, ‘आई, वाटले नाहीस?’ तिला मी सगळं सांगितलं, अगदी पहिल्यापासून.

डेट्रॉइटच्या नागरिकांनी दावा लावला आणि 21 डिसेंबर 2023 ला तीन न्यायाधीशांच्या संघीय कोर्टाने निकाल दिला की हाऊसचे 7 आणि सिनेटचे 6 मतदारसंघ वंशाच्या आधारावर आखलेले आहेत, ते घटनाबाह्य. आयोगाने परत आखावेत. सुनावणीत माईकसमोर जे सांगितलं होतं ते दोन वर्षांनी कोर्टाने ऐकलं. पण कोर्टात जाता आलं कारण तो प्रश्न वंशाचा होता. निव्वळ पक्षाच्या फायद्यासाठी केलेल्या आखणीत आम्ही लक्ष घालणार नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 27 जून 2019 ला 5 विरुद्ध 4 मतांनी सांगून टाकलं आहे. त्या खटल्यात नॉर्थ कॅरोलायनाचा रिपब्लिकन नकाशा होता आणि मेरीलँडचा डेमोक्रॅटिक. त्याच्या दोन महिने आधी संघीय कोर्टाने मिशिगनचे 34 मतदारसंघ बेकायदा ठरवले होते, तो निकालही त्यामुळे वाहून गेला. त्या दिवशी मला कळलं की 212 सह्यांची किंमत काय होती. आमच्या हातात राज्यघटनेतली ती दुरुस्ती नसती तर दुसरं काहीच नव्हतं.

आणि ती तरी टिकेल का, ही धाकधूक 2023 च्या जूनपर्यंत होती. नॉर्थ कॅरोलायनाच्या विधिमंडळाच्या नेत्यांनी युक्तिवाद केला होता की संघीय निवडणुकांचे नियम ठरवताना विधिमंडळाला राज्याचं कोर्टही अडवू शकत नाही. ते मान्य झालं असतं तर आयोगांवरही गदा येऊ शकली असती. सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी ते फेटाळलं. त्या रात्री मी शांत झोपले. पण त्याच नॉर्थ कॅरोलायनात गव्हर्नरला आखणीवर नकाराधिकार नाही, आणि राज्याच्या कोर्टाने आपलाच जुना निकाल फिरवल्यावर विधिमंडळाने नकाशा पुन्हा आपल्याला हवा तसा केला. 2025 मध्ये टेक्सासने दहा वर्षं पूर्ण व्हायची वाटही पाहिली नाही, रिपब्लिकन पक्षाला आणखी पाच जागा मिळाव्यात म्हणून मधेच नकाशा बदलला. उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाने लोकांच्या मताने स्वतःच्या आयोगाचा काँग्रेसचा नकाशा बाजूला ठेवला. आम्ही सह्या मागताना कॅलिफोर्नियाचं उदाहरण द्यायचो. ती बातमी वाचताना फार दुखलं. ज्यांनी हे केलं त्यांची चीड मला समजते, पण पेन्सिल परत राजकारण्यांच्या हातात गेली ती गेलीच.

2024 च्या जानेवारीत आयोगाने डेट्रॉइटची हाऊसची आखणी परत सुरू केली. वेळ थोडा होता. एका शनिवारी त्या बाईंनी मला घरी बोलावलं. बाहेर बर्फ पडत होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी लॅपटॉप उघडून ठेवला होता, शेजारी चष्मा, चहा आणि चर्चमधल्या दोन मैत्रिणी. पोर्टल मला पाठ होतं. माउस कसा धरायचा, तुकडा कसा रंगवायचा, चुकला तर कसा पुसायचा ते दाखवलं. मी विचारलं, ‘कुठून सुरुवात करू या?’ तिघींनी एकदम वेगवेगळी नावं घेतली. एकीने चर्च, एकीने ग्रंथालय, एकीने बंद पडलेली शाळा. मग त्यांच्यात वाद सुरू झाला की लिव्हरनॉइस रस्त्याच्या पलीकडचे आपले की नाहीत.

मी खुर्ची जरा मागे घेतली आणि माउस त्यांच्याकडे सरकवला.